टाकून दिलं

"भीती वाटतेय का?"

आमच्या संस्थेच्या संगणक विभागात कुठलंही काम घेऊन गेलं की तिथल्या सरांचा पहिला प्रश्न हा. मी पहिल्यांदा गेले तेव्हा चंद्रपूरहून दिल्लीला येऊन थोडेच दिवस झाले होते. मुनिरकात एका खोलीत राहत होते, आणि आपण कुणाच्या बापाला घाबरत नाही हे जगाला दाखवून द्यायची मला भारी हौस होती. मी ताठ मानेनं सांगितलं, "नाही सर."

"मग उद्या ये," सर म्हणाले आणि डबा उघडून जेवायला बसले.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच प्रश्न. या वेळी मी शहाणी झाले होते. "थोडीशी वाटतेय," म्हटलं. ते साफ खोटं होतं. सरांनी माझ्याकडे नीट निरखून पाहिलं, "थोडीशी पुरत नाही, पण चल," म्हणाले आणि पायातले बूट काढायला लागले.

मशीनच्या खोलीत ते बूट घालून जात नसत. मला वाटलं, भाविक माणूस असेल. तसं विचारलंही. "देवबिव काही नाही," सर म्हणाले. "बुटाची नाडी वायरीत अडकते. अडकलेली मी बघितली आहे." पुढे काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही. त्यांच्या सगळ्याच गोष्टी अशा अर्ध्यावर थांबायच्या, आणि उरलेलं अर्धं आपल्याच डोक्यात जास्त भयंकर होऊन बसायचं.

मला हवी होती पायथन नावाची भाषा. कॉम्प्युटरला काम सांगायच्या ज्या भाषा असतात त्यातली ही एक. शाळेच्या पुस्तकांसारख्या तिच्याही नव्याजुन्या आवृत्त्या निघतात, आणि एका आवृत्तीसाठी लिहिलेलं काम दुसरीवर चालेलच असं नाही. मात्र एकाच मशीनवर दोन-तीन आवृत्त्या शेजारी शेजारी सुखानं नांदू शकतात. आमच्या प्रयोगशाळेच्या मशीनवर लिनक्स होतं आणि एक फार पूर्वीचं पायथन कोपऱ्यात पडून होतं. मला त्या वेळचं सगळ्यात नवं पाहिजे होतं. माझ्या भावानं घरच्या लॅपटॉपवर चहा पिता पिता केलेलं हे काम. सरांना त्याला अख्खा दिवस लागला.

एक तर त्यांच्या कीबोर्डवर एंटरचं बटण दिसतच नव्हतं. खोकल्याच्या औषधाबरोबर मापाची प्लास्टिकची वाटी येते ना, ती त्यावर उपडी घालून ठेवलेली. एंटर दाबायचं तर आधी ती वाटी उचलायला लागे. "तेवढ्या वेळात माणसाची अक्कल परत येते," सर म्हणाले. दुसरं म्हणजे, आज्ञा लिहून झाली की ते दोन्ही हात पँटच्या खिशात घालत आणि पडद्यावरची ओळन् ओळ मोठ्यानं वाचत. खिशात का, तर बोटांचा भरवसा नाही म्हणून. मशीननं शेवटी इंग्रजीत विचारलं, पुढे जायचं का, हो की नाही. मी म्हटलं, हो सर, दाबा.

"कोणी आपल्याला असं विचारतं तेव्हा त्याला काहीतरी दिसलेलं असतं," सर म्हणाले. "आधी त्याला काय दिसलं ते बघ." आणि खिशात हात ठेवून सगळ्या ओळी पुन्हा पहिल्यापासून वाचल्या.

इन्स्टॉल हा शब्द ते मराठी माणसासमोर वापरत नसत. ते भाषा "बसवत". "नळ बसवतो, पंखा बसवतो, तशी भाषा पण बसवायची. आणि बसायला तिला वेळ द्यायचा." मी हसले की म्हणायचे, "हस. हा लिनक्स आहे ना, हा फार आज्ञाधारक आहे. सांगशील ते करतो. उलट बोलणाऱ्याची भीती नसते गं, आज्ञाधारकाची असते."

त्यांच्या मराठीबद्दल सांगायलाच हवं. सरांचा जन्म दिल्लीतला. वडील केंद्र सरकारच्या नोकरीत इथे आले ते इथलेच झाले. सर पहाडगंजच्या मराठी शाळेत शिकले. इस्त्री केलेली मराठी बोलायचे आणि माझी वऱ्हाडी वळणाची मराठी कानावर पडली की त्यांच्या कपाळाला आठ्या पडायच्या. "काय करून राहिले सर?" मी मुद्दाम दारातून ओरडायची. "करून राहिलो नाही. करतो आहे," आतून उत्तर यायचं. त्या खोलीत मराठी माणसानं मराठी माणसाशी मराठीतच बोलायचं हा नियम. स्वतः मात्र दर वाक्यात अच्छा आणि बिल्कुल म्हणायचे, आणि ते शब्द मराठीच आहेत अशी त्यांची ठाम समजूत होती.

"बिल्कुल मराठी नाही सर."

"बिल्कुल आहे."

गंमत म्हणून मी हे सगळं मुनिरकातल्या मैत्रिणींना सांगायची. पण एक गोष्ट तेव्हा माझ्या लक्षात आली नव्हती. सरांची मराठी घरातली होती आणि पुस्तकातली होती. रस्त्यावरची, मोबाइलच्या दुकानातली, कॉलेजच्या पोरांची मराठी त्यांच्या कानावर कधी पडलीच नव्हती, कारण दिल्लीत घराचा उंबरठा ओलांडला की सगळं हिंदी. शब्द त्यांच्याकडे होते तेवढे चोख होते, पण आईवडिलांनी दिले त्याच अर्थाचे होते.

एकदा त्यांच्या गाझियाबादच्या घरी जेवायला गेले होते. काकूंनी पुरणपोळी केली होती. सगळ्या घरभर बटणांवर मराठीत चिठ्ठ्या चिकटवलेल्या. पंखा. ट्यूब. गीझर, विचारून लावणे. स्वयंपाकघरात एका बटणाखाली लिहिलं होतं, हे कशाचं ते माहीत नाही, हात लावू नये. "बारा महिने तेरा काळ हेच," काकू म्हणाल्या. "लग्नाच्या मांडवात सुद्धा भटजींना विचारत होते, शॉर्टसर्किट झालं तर बाहेर जायचा रस्ता कुठला." सर मान खाली घालून पोळी खात होते. ते लिफ्टनं जात नसत, मेट्रोची वाट बघताना खांबाला पाठ टेकून उभे राहत, आणि दुसऱ्याच्या घरी फोन चार्जिंगला लावत नसत. ही सगळी यादी मला तेव्हा फार विनोदी वाटायची.

हसता हसता मलाही त्या भीतीची लागण झाली, ती आमच्या फ्रीझरमुळे.

तळमजल्यावरच्या एका खोलीत तो फ्रीझर होता. माणसापेक्षा उंच, आत उणे ऐंशी अंश. माझं संशोधन सिकलसेलवर. आमच्या भागात हा रक्ताचा आजार घराघरात आहे. माझ्या स्वतःच्याही रक्तात त्याचा अर्धा वाटा आहे, म्हणून तर मी या कामात पडले. गडचिरोलीच्या गावागावांत फिरून लोकांचं रक्त आणलं होतं, ते त्या फ्रीझरमध्ये बोटभर नळ्यांमधून ठेवलेलं. बहुतेकांचं पुन्हा घेता आलं असतं. एका नळीचं मात्र नाही. ती होती एका लहान मुलीची. रक्त देताना तिनं हात मागे घेतला नाही, फक्त माझ्या वेणीचं टोक धरून ठेवलं होतं. पुढच्या हिवाळ्यात ती गेली.

तिची आई मला अधूनमधून फोन करायची. बोलणं एकाच प्रश्नाचं. "हाये ना मॅडम, बरोबर?" पोरीचं काहीतरी दिल्लीत आहे, थंडीत आहे, सांभाळलेलं आहे, एवढं तिला माहीत होतं. मी म्हणायची, "आहे बाई, बरोबर आहे." पहिल्यांदा हे म्हटलं त्या दिवसापासून माझी निर्धास्त झोप गेली. त्या नळ्या एकदा वितळल्या की संपल्या. पुन्हा गोठवल्या तरी आतलं नाजूक सगळं तुटून गेलेलं असतं.

फ्रीझरला स्वतःची घंटी होती, पण तिची बॅटरी मेलेली होती आणि ती बदलायची कुठल्या विभागानं यावर कागद फिरत होते. आमची भिस्त फोनवर. फ्रीझर जरा तापला की प्रयोगशाळेतल्या सगळ्यांच्या फोनवर संदेश यायचा. तो कोण पाठवतं, कसा येतो, हे विचारायचं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. आमच्या आधीच्या कुणा विद्यार्थ्यानं ती सोय करून ठेवली होती आणि तो परदेशी निघून गेला होता, एवढंच ऐकून माहीत.

मग ते मे महिन्यातलं. मी गडचिरोलीत होते, नमुने गोळा करायला. संध्याकाळी हिशोब मांडायला बसले तर एक काम काही केल्या चालेना. माझ्या लॅपटॉपवरही सरांनी मशीनवर बसवलं होतं तेच नवं पायथन होतं, त्यावर ते चालत नव्हतं, त्याला त्याच्या आधीची आवृत्ती लागत होती. त्या आवृत्तीला आम्ही प्रयोगशाळेत सगळे "जुनं" म्हणायचो. सरांच्या लेखी मात्र जुनं म्हणजे ते कोपऱ्यात पडलेलं, फार पूर्वीचं. हे मला कळायला पाहिजे होतं असं कुणी म्हणेल. म्हणो बापडे.

दुसऱ्या दिवशी गावाबाहेरच्या टेकाडावर, जिथे फोनला रेंज यायची तिथे, उन्हात उभं राहून मी सरांना संदेश लिहिला. सरांसमोर मी नेहमी त्यांचाच शब्द वापरायची, बसवा म्हणायची, त्यांना बरं वाटायचं म्हणून. त्या दिवशी एका हातात रक्ताच्या नळ्यांचा बर्फाचा डबा होता आणि डोक्यावर ऊन. बोटांतून घरचा शब्द गेला. आमच्याकडे सगळी पोरंपोरी सॉफ्टवेअर टाकतात. फोनमध्ये ॲप टाक, लॅपटॉपवर विंडोज टाकून दे. मी लिहिलं, "सर, मशीनवर जुनं पायथन टाकून द्या ना प्लीज. माझं काम अडलंय."

थोड्या वेळानं उत्तर आलं. "अच्छा. नीट बघून करतो."

संध्याकाळी दुसरं. "सगळं वाचून बघितलं. टाकून दिलं."

मी हात जोडल्याचं चित्र पाठवलं.

दिल्लीला परतल्यावर मशीनवर बसले आणि मला हव्या त्या पायथनला हाक मारली तर मशीन म्हणालं, असं इथे कुणी नाही. मी वर गेले. सर डबा खात होते.

"सर, तुम्ही टाकलंच नाही की."

"टाकलं. बिल्कुल टाकलं. एक तुकडा ठेवला नाही."

"तुकडा? कशाचा तुकडा?"

"जुन्या पायथनचा. तूच लिहिलंस ना, टाकून द्या. मी कधीपासून म्हणतोय, ते जुनं काही कामाचं नाही. सुरक्षेचं सर्क्युलर पण आलं होतं. त्याच्यामुळेच तुझं अडलं असणार."

मला हसू फुटलं. "अहो सर, टाकून द्या म्हणजे बसवून द्या!"

"टाकणे म्हणजे फेकणे."

"टाकणे म्हणजे घालणे पण सर. चहात साखर टाकत नाही का आपण?"

"साखर घालतो."

"भाजीत मीठ?"

"घालतो," सर म्हणाले. मग त्यांनाही हसू आलं. मी त्यांना तसं मोठ्यानं हसताना तोवर पाहिलं नव्हतं. डब्याचं झाकण हातात धरून ते हसत होते, आणि हसता हसताच त्यांचा चेहरा उतरत गेला. झाकण त्यांनी टेबलावर ठेवलं.

"त्या जुन्यावर काय चालायचं?"

"काही नाही ना सर. तुम्ही बघितलंत की."

"बघितलं. त्या वेळी त्याच्यावर काही चालत नव्हतं." सर उठले आणि बूट काढायला लागले. "त्या वेळी."

मशीनमध्ये काही कामं अशी असतात की ती सतत चालू नसतात. ठरावीक वेळानं उठायचं, आपलं काम करायचं आणि परत झोपायचं. ती झोपलेली असताना बघणाऱ्याला दिसत नाहीत. सर ती कामं शोधत एकेक ओळ मोठ्यानं वाचू लागले आणि एका ओळीच्या मध्येच थांबले. पुढचा शब्द मीच वाचला. फ्रीझर.

संदेश पाठवणारं ते काम त्या फार पूर्वीच्या पायथनमध्ये लिहिलेलं होतं. उठायचं, तापमान बघायचं, ठीक असलं तर झोपायचं, नसलं तर आमच्या फोनवर बोंब मारायची. पायथन गेल्यापासून ते उठलंच नव्हतं. सगळं ठीक असलं तरी ते गप्पच असायचं, म्हणून कुणाला काही कळलं नाही. सर बूट न घालताच जिन्यानं खाली धावत सुटले. मी मागे.

फ्रीझरवर आकडा होता उणे ऐंशी. मी दाराला कपाळ टेकलं. बर्फासारखं गार लागलं आणि इतकं बरं वाटलं की रडूच आलं. "सब ठीक है," सर हिंदीत म्हणाले. माझ्याशी ते पहिल्यांदाच हिंदीत बोलले. तेव्हा दारातून चौकीदार म्हणाला, "अभी तो ठीक है मैडम. पिछले हफ़्ते आंधी में पूरे ब्लॉक की लाइट गई थी।"

"जनरेटर?" सरांनी विचारलं.

"चला था साहब। बाद में चला।"

"कितनी देर बाद?"

"अब देर तो..." त्यानं मान खाजवली. "काफ़ी देर। हमने सोचा, आप लोगों के फ़ोन पर मैसेज आ ही जाता है।"

वितळून पुन्हा गोठलेली नळी आणि कधीच न वितळलेली नळी बाहेरून अगदी एकसारखी दिसते. फ्रीझर काही सांगत नव्हता. त्या दिवशी मे महिन्यातली ती बंद खोली किती तापली असेल, याचा विचार मनात येऊ नये म्हणून मी धडपडत होते आणि तोच येत होता.

खात्री करायचा एकच मार्ग होता. एक नळी फोडायची आणि आतलं तुटलंय का ते तपासायचं. फोडली की ती नळी संपली. गाइड मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, तूच ठरव कुठली ते. त्या मुलीच्या डब्यात, तिच्या शेजारच्याच खाचेत, माझी स्वतःची नळी होती. काम शिकताना मी माझंच रक्त काढून ठेवलं होतं. तिला झळ लागली असेल तर मलाही लागली असणार. मी माझी काढली.

तपासणीला दुसऱ्या दिवसापर्यंत वेळ लागणार होता. सकाळी आले तर सर माझ्याआधी येऊन प्रयोगशाळेबाहेर खुर्ची टाकून बसलेले. हात खिशात. मी बाजूला बसले.

"मी सगळं वाचलं होतं," ते म्हणाले. "प्रत्येक ओळ. दोनदा. आणि मला भीती वाटली नाही." जरा थांबून म्हणाले, "घर झाडल्यावर कसं बरं वाटतं ना, तसं वाटलं होतं."

"सर, यात तुमचं काय चुकलं?"

"तेच शोधतोय. मशीननं सांगितलं ते केलं. तू बरोबर लिहिलंस. मी बरोबर वाचलं. मग चुकलं कोण?"

तेवढ्यात माझा फोन वाजला. गडचिरोलीचा नंबर. ती मुलीची आई. मी फोनकडे बघत राहिले. वाजून वाजून तो बंद झाला आणि मला स्वतःची इतकी भीती वाटली की उठून उभी राहिले. आयुष्यात कुणाचा फोन उचलायला मी घाबरले नव्हते.

"कोण होतं?" सरांनी विचारलं. तेव्हा पहिल्यांदा मी त्यांना ती मुलगी सांगितली. वेणी सांगितली. आईचा तो एकच प्रश्न सांगितला. सरांचे हात खिशातून बाहेर आले.

"मला म्हणाली नव्हतीस कधी."

"नमुने आहेत म्हटलं होतं की सर."

"नमुने म्हणालीस," ते म्हणाले. "माणसं आहेत असं नाही म्हणालीस."

दुपारी तपासणीचा आलेख पडद्यावर यायला लागला. सगळं शाबूत असेल तर त्यात दोन उंच टोकं शेजारी शेजारी उभी राहतात. तुटलं असेल तर टोकं नसतात, नुसता बुटका उंचवटा पसरतो. मी डोळे मिटले. सर दारात होते, आत यायला तयार नव्हते. मी डोळे उघडले तेव्हा दोन्ही टोकं ताठ उभी होती.

मी आधी फोन लावला. पलीकडे उचलला गेल्याबरोबर, तिनं काही विचारायच्या आतच ओरडले, "आहे बाई! बरोबर आहे!" ती गोंधळली असावी. "मंग हाये म्हणा ना, रडता कायले?" म्हणाली. मग मी बाहेर धावले. "सर, वाचलं! सगळं वाचलं!"

"गुड," सर म्हणाले. "प्लीज सेंड मी अ मेल."

मला वाटलं, थकलेत. पण ते थकणं नव्हतं. त्या संध्याकाळी त्यांनी ते फार पूर्वीचं पायथन पुन्हा बसवलं, पहारा पुन्हा सुरू केला, मला हवं होतं तेही बसवलं, आणि मला संदेश आला तो इंग्रजीत. इन्स्टॉल्ड, नॉट रिमूव्ह्ड. त्यानंतर मशीनविषयी ते माझ्याशी मराठीत एक शब्द बोलले नाहीत. मी दारातून हाक मारायची, काय करून राहिले सर, तर आतून दुरुस्ती येत नसे. "यस, टेल मी," एवढंच. मी मराठीत सांगितलं की ऐकून घेत आणि म्हणत, "काइंडली कन्फर्म. इन्स्टॉल ऑर रिमूव्ह?" मला आधी राग आला. मग वाईट वाटलं. मग लक्षात आलं की त्या खोलीत आता त्यांना मशीनची भीती वाटत नाही. माझी वाटते. मी तोंड उघडलं की त्यांचे हात आपोआप खिशात जायचे.

आणि ते तेवढ्यावर थांबलं नाही. एकदा काकूंचा फोन आला होता. म्हणाल्या, घरात सुद्धा बोलता बोलता मध्येच गप्प होतात. परवा मी म्हटलं, जरा दार लावा, दिवेलागण झाली, दिवा लावा. तर तिथेच उभे. मला म्हणतात, दार लाव म्हणजे बंद कर, दिवा लाव म्हणजे चालू कर. हे आपल्याकडे आजपर्यंत चाललं कसं? काकू हसून सांगत होत्या. मला हसायला आलं नाही. आपण जन्मभर ज्या जमिनीवर बिनघोर चाललो ती पोकळ आहे असं एखाद्याला कळल्यावर तो काय करेल? सर पाऊल टाकायचे थांबले होते.

त्यांना तसा माझ्या बोलण्याचा त्रास झाला असं कुणी म्हटलं नाही. त्यांनी तर नाहीच. पण त्या विभागातली मराठी गेली ती गेलीच, आणि मला ती परत कशी आणायची हे कळलं नाही. एकदोनदा मी चिडवून पाहिलं, बिल्कुल वगैरे. ते नुसतं हसायचे, ऑफिसात साहेबलोक हसतात तसं.

ते निवृत्त झाले तेव्हा मी अजून तिथेच होते, प्रबंध लिहीत. निरोपसमारंभ हिंदीत झाला. समोसे, हार, भिंतीवरचं घड्याळ. सगळ्यांनी त्यांच्या औषधाच्या वाटीचे विनोद केले. सर हात जोडून बसले होते. भाषण करा म्हटल्यावर "धन्यवाद" म्हणाले आणि खाली बसले.

संध्याकाळी आमच्या प्रयोगशाळेच्या दारात आले. हातात ते घड्याळ, दुसऱ्या हातात रिकामा डबा. मी उठले. त्यांचे ओठ हलत होते, जसे पडद्यावरची ओळ वाचताना हलायचे. मग म्हणाले, "जातो मी."

मराठीत. किती दिवसांनी. पण जातो? निघताना कुणी असं म्हणतं का? माझी आई असती तर तिनं दारातून मागे ओढलं असतं.

"जातो नाही म्हणायचं सर," मी म्हटलं. "येतो म्हणा."

सर उंबऱ्याशी थांबले. त्यांनी तो शब्द मनातल्या मनात उलटसुलट करून पाहिला असावा. मी वाट बघत होते. मला तो शब्द त्यांच्या तोंडून फार हवा होता.

"येतो म्हटलं," ते म्हणाले, "आणि तू खरं धरलंस तर?"

मग ते वळले आणि जिन्यानं खाली गेले.